कचरा उचलण्याचे पैसे घरटी महिन्याला सरसकट 80 रुपये घेण्यापेक्षा वजनावर घेतले तर जास्त न्याय्य होणार नाही का?

नाही होणार. आमच्या सोसायटीत हा प्रयोग झालाय आणि ताणकाटा माझ्याच हातात होता.

पुण्यातली 26 फ्लॅटची जुनी इमारत. सर्वसाधारण सभेत आमचे खजिनदार उठले आणि म्हणाले, "ज्याचा कचरा जास्त, त्याने पैसे जास्त द्यावेत." बघत होते माझ्याकडे. आम्ही घरात सहा माणसं, ते एकटे. मीही इरेला पेटलो. म्हटलं, ठीक आहे, पंधरा दिवस मोजू. रद्दीवाल्याकडे असतो तसला आकड्याचा काटा आणला, वही घेतली आणि रोज सकाळी सातला जिन्यात उभा राहिलो.

पहिल्याच आठवड्यात गंमत कळली. ओला कचरा जड असतो. ज्यांच्याकडे भाजी निवडली जाते, नारळ फुटतो, एप्रिलात कलिंगड येतं, त्यांची बादली तीन-साडेतीन किलो. खजिनदारांकडे रोज बाहेरून डबे येतात. त्यांची पिशवी फुगलेली, वजन चारशे ग्रॅम. आता सांगा, खत होणारी माझी सालं महाग आणि रस्सा लागलेले त्यांचे काळे प्लास्टिकचे डबे स्वस्त? ते डबे भंगारवालाही घेत नाही हो.

दुसऱ्या मजल्यावर लहान बाळ आहे. त्यांचं बिल सगळ्यात जास्त निघालं असतं, कारण ओलं डायपर. त्या घराला दंड कशाचा, मूल झाल्याचा?

आणि मोजायचं कोणी? आमच्याकडे 'स्वच्छ' या कचरावेचकांच्या सहकारी संस्थेच्या ताई येतात. त्यांना पगार नाही, घरोघरचे हे पैसे हीच त्यांची कमाई, वर सुका कचरा विकून मिळतील ते. वीस मिनिटांत होणारी इमारत माझ्या काट्यापायी तासावर गेली. चौथ्या दिवशी ताई म्हणाल्या, "दादा, बादल्या उचलू का तुमचा काटा बघत बसू? दोन सोसायट्या राहिल्यात माझ्या." मला लाजच वाटली. दहाव्या दिवशी कोपऱ्यावरच्या डीपीशेजारी गाठ मारलेल्या पिशव्या दिसायला लागल्या. कोणाच्या होत्या ते मला ठाऊक आहे, लिहीत नाही.

तर 80 रुपये कचऱ्याच्या वजनाचे नसतात, रोज कोणीतरी दारात येतं त्याचे असतात. तुमच्या घरातून 200 ग्रॅम निघाला तरी जिने तेवढेच चढावे लागतात. शुल्क द्यायला 2016 पासून घनकचरा नियमांनीच सांगितलंय, तेव्हा 'आम्ही मिळकतकर भरतो की' हे पालुपद नको. घासाघीस करायचीच असेल तर वर्गीकरणावर करा: वेगळा करून देईल त्याला कमी, एकत्र कोंबेल त्याला दुप्पट. मी सभेत हेच मांडलं होतं. हाणून पाडलं गेलं.

आता कोणीतरी दक्षिण कोरिया काढणारच, म्हणून आधीच सांगतो. तिथे चालतं, मान्य. पण तिथेही 1995 पासून साध्या कचऱ्याला ठरावीक आकाराची विकतची पिशवी आहे. म्हणजे पैसे आकारमानावर. वजन होतं ते उरल्यासुरल्या अन्नाचं, कार्ड लावलं की उघडणाऱ्या आणि स्वतःच मोजणाऱ्या पेट्यांत. आमच्या जिन्यात मी होतो. झुरिकमध्येही पिशवीच विकत घ्यावी लागते, काटा नाही.

हां, एक मात्र खरं. हॉटेलं, मंगल कार्यालयं यांच्याकडून वजनावर घ्यायला माझी हरकत नाही, तिथे मोजणं परवडतं. आणि तुम्ही एकटे असाल, ओला कचरा गच्चीवर जिरवत असाल, तर तुमची तक्रार अगदीच चूक नाही. पुण्यात गांडूळखताला मिळकतकरात सूट आहे, ती तरी घ्या.

खजिनदारसाहेब, हे वाचत असाल तर ताईंचे मार्चचे 80 तुमच्याकडून अजून यायचेत. काटा मीटरच्या खोलीत आहे, हवा असेल तर घेऊन जा.