वडिलांना ४४व्या वर्षी हृदयविकाराचा झटका आला होता. मी शाकाहारी आणि सडपातळ असूनही माझे एलडीएल, म्हणजे ‘वाईट’ कोलेस्टेरॉल, २१२ आहे. हे आनुवंशिक असेल तर गोळ्यांचा आणि पथ्याचा उपयोग काय?

आपण दिलेला तपशील असा आहे: वय ३४, तंबाखू-सिगारेट नाही, वजन बेताचे, थायरॉईडचा अहवाल ठीक, तरी एलडीएल २१२ (मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर), डॉक्टरांनी स्टॅटिनची, म्हणजे कोलेस्टेरॉल कमी करणारी, गोळी सुरू करण्यास सांगितले आहे आणि सात वर्षांच्या मुलीचीही आपल्याला काळजी वाटते. मी वैद्यकीय महाविद्यालयात जीवरसायनशास्त्र शिकवतो, रुग्ण तपासत नाही. त्यामुळे कोणती गोळी किती घ्यावी हे आपल्या डॉक्टरांनीच ठरवावे. परंतु ‘जे जन्मतःच आले आहे त्यावर औषध काय करणार’ या शंकेचे उत्तर मात्र ठामपणे देता येते, कारण हृदयविकाराच्या अभ्यासात आनुवंशिक कारण आणि औषधाची क्रिया यांचा इतका सरळ संबंध फार थोड्या ठिकाणी सापडतो.

रक्तातील बहुतेक कोलेस्टेरॉल आपले शरीरच तयार करते, त्यामुळे शाकाहारी माणसाचे एलडीएल वाढू शकते यात नवल नाही. कोलेस्टेरॉल वाहून नेणारे एलडीएलचे कण रक्तातून फिरत असताना यकृताच्या पेशींवरील ग्राही, म्हणजे रिसेप्टर, त्यांना पकडून आत ओढून घेतात. हे ग्राही तयार करण्याची माहिती १९व्या गुणसूत्रावरील एका जनुकात असते आणि त्या जनुकाची एक प्रत आईकडून, एक वडिलांकडून येते. यांपैकी एक प्रत सदोष असली की कामाचे ग्राही जवळपास निम्मेच राहतात, एलडीएलचे कण रक्तात जास्त काळ रेंगाळतात आणि त्यांचे प्रमाण जन्मापासूनच सुमारे दुप्पट होते. याला फॅमिलियल हायपरकोलेस्टेरोलेमिया, थोडक्यात एफएच, म्हणतात. साधारण अडीचशे ते तीनशे माणसांत एकाला तो असतो, म्हणजे हा काही दुर्मीळ विकार नव्हे. तो ओळखला मात्र क्वचितच जातो. एपीओबी आणि पीसीएसके९ या दुसऱ्या दोन जनुकांतील दोषांमुळेही असेच चित्र दिसते.

ग्राहींचा हा शोध १९७०च्या दशकात अमेरिकेतील डॅलस येथे मायकेल ब्राऊन आणि जोसेफ गोल्डस्टाइन यांनी लावला. ज्यांच्या दोन्ही प्रती सदोष आहेत अशा रुग्णांच्या त्वचेच्या पेशी प्रयोगशाळेत वाढवल्यावर त्या एलडीएलला दाद देत नाहीत, हे त्यांना दिसले. १९८५ साली दोघांना नोबेल पारितोषिक मिळाले. १९७०च्याच दशकात जपानमध्ये अकिरा एंडो यांनी एका बुरशीतून पहिले स्टॅटिन वेगळे केले होते. स्टॅटिन यकृतातील कोलेस्टेरॉलची निर्मिती रोखते, आणि आतला साठा कमी पडल्याने पेशी रक्तातील एलडीएल ओढण्यासाठी अधिक ग्राही तयार करू लागते. आपल्याला वडिलांकडून सदोष प्रत आली असेल, तरी आईकडून आलेली प्रत बहुधा शाबूत आहे, आणि गोळी त्या शाबूत प्रतीकडून जास्त काम करून घेते. दोन्ही प्रती निकामी असलेल्या मुलांमध्ये स्टॅटिनचा परिणाम अगदी थोडा होतो, एलडीएल अनेकदा ५०० च्या वर असते आणि हृदयविकार बालपणी किंवा कुमारवयातच गाठू शकतो. (आपल्याकडे अनेक समाजांत मामाच्या मुलीशी लग्न करण्याची रीत आहे, ज्या घराण्यात कमी वयात झटके आले आहेत, तेथे असे स्थळ ठरवण्यापूर्वी दोघांचेही लिपिड प्रोफाइल (रक्तातील चरबीची तपासणी) करून घ्यावे, असे माझे स्पष्ट मत आहे.)

गोळी लवकर सुरू करण्याचा आग्रह का, हे पीसीएसके९च्या गोष्टीतून कळते. २००३ साली फ्रान्समधील काही कुटुंबांत हे जनुक वाजवीपेक्षा जास्त सक्रिय असल्याचे आढळले; त्यापासून बनणारे प्रथिन यकृतावरील ग्राही नष्ट करते. पुढे डॅलसमध्येच हेलन हॉब्ज आणि जोनाथन कोहेन यांनी उलट बाजू शोधली: काही कृष्णवर्णीय अमेरिकनांमध्ये हे जनुक निकामी होते, त्यामुळे त्यांचे एलडीएल जन्मापासून सुमारे २८ टक्के, म्हणजे ३८ मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरच्या आसपास, कमी होते आणि १५ वर्षांच्या पाठपुराव्यात त्यांच्यातील हृदयधमन्यांच्या विकाराचे प्रमाण ८८ टक्क्यांनी कमी निघाले. एलडीएलमध्ये जवळपास एवढीच घट प्रौढ वयात स्टॅटिनने पाच वर्षे राखली, तर झटका आणि पक्षाघातासारख्या घटना साधारण एक पंचमांशाने कमी होतात. दोन्हींतला फरक मुख्यतः काळाचा आहे. धमनीची भिंत वर्षानुवर्षे किती एलडीएल सोसते, यावर रोग ठरतो.

म्हणूनच एकाच आकड्याचा अर्थ दोन माणसांत वेगळा असू शकतो. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या विश्लेषणात, एलडीएल १९० किंवा त्याहून जास्त पण एफएचचा दोष नाही अशा लोकांना हृदयधमन्यांच्या विकाराचा धोका सामान्य एलडीएल असलेल्यांच्या सहापट दिसला, तर तेवढेच एलडीएल आणि सोबत दोषही असलेल्यांना तो २२ पट दिसला. पहिल्या गटातील पुष्कळांचे एलडीएल वयानुसार चढत गेलेले असते, दुसऱ्या गटाचे पाळण्यापासून चढलेले असते. आपल्या बाबतीत २१२ हा आकडा आणि वडिलांचे ४४ हे वय एकत्र पाहिल्यावर दुसऱ्या शक्यतेकडे लक्ष द्यावेच लागते. घोट्यामागच्या धोंडशिरेवर (टाचेला जोडणाऱ्या जाड स्नायुरज्जूवर) किंवा बोटांच्या सांध्यांवर कोलेस्टेरॉल साचून झालेल्या कडक गाठी आहेत का, हे डॉक्टरांना पाहायला सांगा. मूत्रपिंड आणि यकृताच्या तपासण्या झाल्या नसतील तर त्याही करून घ्याव्यात, कारण एलडीएल वाढण्याची काही कारणे तेथेही असतात.

जनुकीय चाचणी करता आली तर उत्तम, पण ती नकारात्मक आली म्हणून गोळी सोडू नये. पुष्कळ घराण्यांत एखादे ठळक उत्परिवर्तन, म्हणजे जनुकातील दोष, सापडत नाही. शेकडो जनुकांतील बारीकसारीक फरकांची बेरीज होऊन एलडीएल वाढलेले असते. जनुकीय चाचणीपेक्षा कितीतरी स्वस्त आणि माझ्या मते अधिक निकडीची तपासणी म्हणजे लायपोप्रोटीन-ए, एलडीएलसारखाच हृदयविकाराचा धोका वाढवणारा एक कण. या कणाचे प्रमाण जवळजवळ पूर्णपणे आनुवंशिकतेने ठरते, आहार-व्यायामाने फारसे हलत नाही, नेहमीच्या लिपिड प्रोफाइलमध्ये ते दिसत नाही आणि भारतीय उपखंडातील लोकांत ते युरोपीय लोकांपेक्षा सरासरीने जास्त आढळते. आयुष्यात एकदा मोजले तरी बहुधा पुरते. ते जास्त निघाल्यास एलडीएल अधिक खाली ठेवण्याकडे डॉक्टरांचा कल असतो. चांगले समजले जाणारे एचडीएल भरपूर आहे म्हणून निर्धास्त राहू नये, एवढेच त्याबद्दल पुरे. ज्या जनुकीय फरकांमुळे फक्त एचडीएल वाढते, त्यांनी हृदयविकार कमी झाल्याचे दिसलेले नाही.

पथ्याविषयी आपण थोडे निराश दिसता. एफएचमध्ये केवळ पथ्याने २१२ चे १०० होणार नाही, हे खरे आहे. परंतु साजूक तूप, लोणी, वनस्पती तूप आणि खोबरेल यांतील संपृक्त चरबी यकृतावरील ग्राहींची संख्या आणखी घटवते, आणि आपल्याकडे ते आधीच अपुरे असण्याची शक्यता आहे. २०१६ मध्येच सुमारे ५५,००० लोकांवरील अभ्यासात असे आढळले, की जनुकीय धोका सर्वांत जास्त असलेल्या गटातही धूम्रपान न करणाऱ्या, वजन राखणाऱ्या, व्यायाम करणाऱ्या आणि नेटका आहार घेणाऱ्यांना धोका जवळपास निम्मा होता. कोलेस्टेरॉल निरुपद्रवी असून हा सगळा औषध कंपन्यांचा बनाव आहे, असे संदेश आपल्यालाही येत असतील. मधुमेह नाही, लठ्ठपणा नाही, केवळ एलडीएल जन्मतः जास्त, आणि तरी चाळिशीत झटका, अशी घराणी त्या संदेशांना पुरेसे उत्तर देतात.

आता मुलीविषयी. आपल्याला एफएच असेल तर तिला तो असण्याची शक्यता निम्मी आहे, आणि सात हे वय तपासणीला मुळीच लहान नाही. त्यासाठी तिला उपाशी ठेवण्याचीही सहसा गरज नसते. अशा घरातील मुलाचे एलडीएल १६० च्या वर आले तर बालरोगतज्ज्ञांचा सल्ला घ्यावा. औषध साधारण आठ ते दहा वर्षांच्या वयात सुरू करतात. नेदरलँड्समध्ये बालपणीच स्टॅटिन सुरू केलेल्या एफएचच्या २१४ मुलांचा २० वर्षे पाठपुरावा झाला; ३९व्या वर्षापर्यंत त्यांच्यापैकी फक्त १ टक्क्याला हृदय-रक्तवाहिन्यांचा त्रास झाला, तर त्यांच्याच बाधित आईवडिलांपैकी २६ टक्क्यांना त्याच वयापर्यंत तो होऊन गेला होता.

सख्खी भावंडे आणि काका-आत्या यांनाही रक्त तपासायला सांगा. बहिणीला गोळी सुरू करावी लागली आणि तिला मूल हवे असेल, तर ते डॉक्टरांना आधीच सांगावे, कारण गर्भधारणेच्या काळात स्टॅटिन सहसा बंद ठेवतात.