पिशवीवरचा नंबर

प्रिय मुली,

तुझा मेसेज दोनदा वाचला. तुझ्या भाजणीच्या धंद्यातून महिन्याला जेमतेम पाच हजार बाजूला निघतात. वेबसाइट, इन्स्टाग्रामच्या जाहिराती की रील करून देणारा मुलगा, यांतलं काय घेऊ, असं तू विचारलंयस. या महिन्यात यातलं काहीच घेऊ नकोस.

परवा घरातली तुझी थालीपीठ भाजणी संपली. काकूने रिकामी पिशवी उलटसुलट करून पाहिली. स्टिकरवर नंबर होता, पण ओल्या, तेलकट हातांनी शाई पसरून शेवटचे तीन आकडे पुसले गेले होते. तिने मला विचारलं म्हणून ती ऑर्डर तुला मिळाली. बाकीच्या घरांत विचारायला मी नसतो गं. म्हणून पहिला खर्च लेबलवर कर. पुसणार नाही अशी छपाई, मोठा नंबर आणि शेजारी क्यूआर कोड. तो व्हॉट्सॲप बिझनेसमध्येच फुकट मिळतो. स्कॅन केला की थेट तुझ्याशी चॅट उघडतं.

मग एक वही घाल. नाव, नंबर, काय नेलं, कधी नेलं आणि 'आमच्याबद्दल कुठून कळलं?' हा शेवटचा रकाना कधीही मोकळा सोडू नकोस. दोन महिन्यांत तुला दिसेल की गिऱ्हाईक भिशीतून येतंय, सोसायटीच्या ग्रुपवरून की इन्स्टाग्रामवरून. पैसे कुठे घालायचे ते त्यावरून ठरव.

वहीवर माझा एवढा जीव का, तेही सांगतो. आमच्या मसाल्याची वेबसाइट मी एका कंपनीकडून करून घेतली होती. डोमेन, म्हणजे साइटचं इंटरनेटवरचं नाव, त्यांनी स्वतःच्या नावावर घेतलं आणि मी ते तपासलं नाही. पुढे त्यांनी फोन उचलणं बंद केलं, साइट गेली आणि तिच्यातले सगळ्या गिऱ्हाइकांचे पत्तेही गेले. फार लागलं मनाला. मोठ्यांच्या बाबतीतही हेच होतं. जून २०२० मध्ये टिकटॉकवर बंदी आली आणि तिथे जमवलेले फॉलोअर एका रात्रीत गेले. गुगलच्या बिझनेस प्रोफाइलवरून (गुगलवर शोधल्यावर धंद्याची माहिती दाखवणारं पान) बनवलेल्या फुकट वेबसाइट मार्च २०२४ मध्ये बंद झाल्या. प्रोफाइल मात्र अजून फुकट आहे, ते आजच काढ. तू घरून विकतेस, तर पत्ता झाकून फक्त डिलिव्हरीचा परिसर दाखवता येतो.

व्हॉट्सॲपच्या ब्रॉडकास्टचं, म्हणजे एकच निरोप अनेकांना वेगवेगळा पाठवायच्या सोयीचं, एक लक्षात ठेव. एका यादीत २५६ जण मावतात, पण ज्यांनी तुझा नंबर सेव्ह केलाय त्यांनाच निरोप पोचतो. म्हणून पिशवी हातात देतानाच 'नंबर सेव्ह करता का?' असं विचार. आणि रोज सकाळी शुभेच्छांची फुलं पाठवू नकोस, लोक ब्लॉक करतात. भाजणी ताजी दळून आली की तेवढं कळव.

रील तुझी तूच कर. कढईत डाळ तांबूस होताना दाखव, भाजण्याचा आवाज तसाच राहू दे, वर गाणं नको. जाहिरात दिवाळीच्या आधी तीन आठवडे, चकलीच्या भाजणीची, फक्त तुझ्या शहरापुरती. दोन हजारांच्या वर जाऊ नकोस.

लेबलचा नमुना छापून आला की ओल्या हाताने घासून बघ आणि मला फोटो पाठव. काकूला अर्धा किलो भाजणी हवी आहे, तीही लिहून घे.

तुझा,
काका