दुबईत नुकतीच फोर बाय फोर घेतली आहे. वाळूच्या टेकड्यांवर ग्रुपबरोबरच का जावं लागतं? रस्त्याच्या जवळपास एकट्याने सराव केला तर चालेल का?

नाही, एकट्याने नका जाऊ. रस्ता डोळ्यांसमोर असला तरी नका जाऊ. आता कारणं सांगतो, कारण ‘नियम आहे म्हणून’ हे उत्तर मलाही कधी पटत नाही.

तुम्ही लिहिलंय की गाडी सेकंडहँड पजेरो आहे, वाळूचा अनुभव शून्य आहे, ग्रुपवाले फार नियम लावतात असं ऐकलंय आणि बायको-मुलांनाही न्यायचंय. मी शारजात राहतो. हिवाळ्यात सुट्टीच्या सकाळी एका ग्रुपबरोबर वाळूत जातो आणि बहुतेक वेळा माझी गाडी सगळ्यात शेवटी असते. या शेवटच्या गाडीला इथे स्वीप म्हणतात. पुढच्या गाड्या कुठे आणि का रुततात हे तिथून छान दिसतं, आणि त्या बाहेर काढायचं कामही बऱ्याचदा स्वीपच्याच गळ्यात पडतं.

आधी ‘रस्त्याच्या जवळ’ या मुद्द्याचं बघू. अल बदायरची ती मोठी लाल टेकडी, जिला सगळे बिग रेड म्हणतात, दुबई-हत्ता रस्त्याला लागूनच आहे. तिथून गाड्यांचे आवाज ऐकू येतात, चहाची दुकानं दिसतात. आणि नवख्या माणसासाठी मला सगळ्यात जास्त भीती वाटते ती याच जागेची. सुट्टीच्या दिवशी तिथे बग्ग्या, क्वाड बाइक आणि पर्यटकांच्या लँड क्रूझर चारी दिशांनी चढत असतात. टेकडीची वाऱ्याकडची बाजू लांबट आणि दबलेली असते, तिच्यावर गाडी चढते. पलीकडची बाजू मात्र ३२ ते ३४ अंशांची, कोरड्या वाळूला जेवढा उतार जेमतेम पेलतो तेवढी. चढताना शेवटच्या काही फुटांत काचेतून नुसतं आभाळ दिसतं. बॉनेटच्या पुढे सरळ उतार आहे, खड्डा आहे, की समोरून तुमच्यासारखाच कोणी चढत येतोय, हे गाडीत बसून कळायला मार्ग नाही. म्हणून तर गाड्यांना उंच काठीवर झेंडा लावतात. आधी झेंडा दिसतो, मग गाडी.

ग्रुपमध्ये पुढची गाडी उतरून बाजूला थांबते आणि वॉकीटॉकीवर ‘क्लिअर’ म्हणते. तोपर्यंत मागच्याने चढ सुरू करायचा नाही. नवीन लोकांना नेमका हाच नियम जाचक वाटतो. पण तो एक शब्द म्हणजे धारेपलीकडे, टेकडीच्या माथ्याच्या त्या बाजूला, असलेले तुमचे डोळे आहेत. एकट्याने गेलात तर दर टेकडीला गाडी थांबवून, पायी वर चढून पलीकडे बघून यावं लागेल. दोन टेकड्यांनंतर तेवढा उत्साह कोणाचाच राहत नाही.

दुसरं कारण रुतण्याचं. वाळूत गाडी रुतणार, यात लाजण्यासारखं काही नाही; लीडची, म्हणजे सगळ्यात पुढे राहून वाट दाखवणाऱ्याची गाडीसुद्धा रुतते. प्रश्न तिला काढायला दुसरी गाडी आहे का, एवढाच. फावडं आणि चाकाखाली घालायच्या पट्ट्या यांनी बरंच काम होतं, पण गाडी एकदा पोटावर बसली की ओढणारं कोणीतरी लागतंच.

मागच्या हिवाळ्यातली गोष्ट सांगतो. फॉसिल रॉक नावाच्या खडकाळ डोंगराच्या मागच्या अंगाला एका पजेरोवाल्याने धारेच्या जरा आधीच पाय उचलला. गाडी धारेवर गेली आणि मधोमध बसली. पुढची चाकं पलीकडे, मागची अलीकडे, मधलं सगळं वजन पोटावर. त्याने घाबरून ॲक्सिलरेटर दाबला, चाकं जागच्या जागी फिरली आणि गाडी आणखी चार बोटं खाली गेली. लीडचा आवाज रेडिओवर आला, “पाव उठाओ, स्टेअरिंग सीधा, कोई कुछ मत करो.” आमच्या ग्रुपची भाषा अशीच, अर्धी हिंदी, अर्धी इंग्रजी, मधूनच मल्याळी. मग दोघे जण दोन बाजूंनी पालथे पडून गाडीच्या पोटाखालची वाळू ओढायला लागले, एक फावड्याने आणि एक हाताने, सायलेन्सरला हात लागणार नाही एवढं सांभाळत. वाळू काढावी तेवढी वरून परत घसरत होती. तोवर उंटावरचे शहाणे जमलेच: पुढे काढा, मागे काढा, टायरची हवा अजून सोडा! लीडने सगळ्यांना चार हात लांब उभं केलं, मागे एक पेट्रोल (निसानची गाडी, इंधन नव्हे) लावली, पट्टा जोडला आणि एका हिसक्यात पजेरो आली तशी मागे घेतली.

या पट्ट्याबद्दल जरा सविस्तर लिहितो, कारण जिवावर बेतणारी चूक इथेच होते. वाळूत ओढायला साधी साखळी किंवा दोरखंड वापरत नाहीत. नायलॉनचा ताणला जाणारा पट्टा वापरतात. ओढणारी गाडी थोडी ढिल देऊन निघते, पट्टा ताणतो आणि त्या ताणाने रुतलेली गाडी उपसली जाते. म्हणजे त्या क्षणी पट्ट्यात प्रचंड जोर साठलेला असतो. तो गाडीच्या चॅसिसला पक्क्या बसवलेल्या टो हुकलाच लावायचा. ट्रेलर ओढायचा जो गोळा मागे असतो, त्याला कधीही नाही. तो गोळा तुटला तर तोफगोळ्यासारखा सुटतो, समोरच्या गाडीची काच फोडून आत जातो. जगभरात माणसं यात दगावली आहेत. पट्टा ताणलेला असताना आसपास कोणी उभं राहायचं नाही, पट्ट्याच्या लांबीच्या दीडपट अंतर ठेवायचं. एकटा नवखा माणूस रस्त्यावरून जाणाऱ्या कोणाला तरी हात दाखवून थांबवतो, तो भला माणूस जे हाताशी लागेल ते जिथे जमेल तिथे बांधतो आणि ओढतो. माझा विरोध आहे तो याला.

टायरमधली हवा हा वाळूतला पहिला धडा. रस्त्यावर ३२ ते ३५ पीएसआय ठेवत असाल तर वाळूत शिरण्याआधी १५ पर्यंत उतरवायची. टायर चपटा होतो, जमिनीला टेकणारा भाग मुख्यतः लांबीत वाढतो आणि गाडी वाळू खणण्याऐवजी तिच्यावरून जाते. पहिल्यांदा बघणाऱ्याला टायर पंक्चर झाल्यासारखाच वाटतो. हवा मोजायचा मीटर स्वतःचा आणि बरा घ्या. १५ वर गाडी चालत नसेल तर लीड १२ करायला सांगेल. त्याच्या खाली जायचं असेल तर अनुभवी माणूस शेजारी हवा, कारण हवा कमी आणि वळण जोरात असं झालं की टायर रिमवरून निसटतो. मग जॅकखाली लाकडी फळी घालून गाडी उचला, रिममधली वाळू धुवा, कॉम्प्रेसरने परत बसवा, अशी अर्धी सकाळ जाते. परतताना डांबरी रस्त्यावर चढायच्या आधी हवा पूर्ण भरायचीच. कमी हवेवर महामार्गाच्या वेगाने गेलात तर टायर तापून फुटतो.

ट्रॅक्शन कंट्रोलचं बटण असेल तर ते बंद करायचं. रस्त्यावर ते जीव वाचवतं, पण वाळूत चाक जरा घसरलं की इंजिनची ताकद तोडतं, नेमकी चढाच्या मध्यावर. उतरताना नाक सरळ खाली, खालचा गिअर, ब्रेक जवळजवळ नाहीच. गाडीचं मागचं अंग एका बाजूला घसरायला लागलं तर स्टेअरिंग उताराच्या दिशेने वळवून किंचित ॲक्सिलरेटर द्यायचा. मन नेमकं उलटं सांगतं, वर वळव म्हणतं; त्याचं ऐकलं की गाडी आडवी होते आणि आडवी झालेली गाडी लोळते. थांबायचं असेल तेव्हाही ब्रेक न दाबता पाय उचलून, नाक उताराकडे ठेवून थांबा. ब्रेक दाबला की चाकांपुढे वाळूची भिंत तयार होते आणि निघताना तीच आडवी येते.

आता ग्रुपच्या रचनेबद्दल. पुढे लीड, त्याच्यामागे सेकंड लीड, त्यांच्या पाठोपाठ नवखे, शेवटी स्वीप. नवख्यांना पुढे ठेवण्याचं कारण लोकांना चटकन लक्षात येत नाही. तीच वाट चार-पाच गाड्यांनी तुडवली की वाळू मऊ होते, आठव्या गाडीला तोच चढ पहिलीपेक्षा कितीतरी जड जातो. मागे राहिलात तर चाकं अर्धा हात बाजूला टाकून चालवायला शिका. ओव्हरटेक करायचं नाही. आणि आरशात मागची गाडी दिसत राहिली पाहिजे. दिसेनाशी झाली की रेडिओवर सांगून सोयीच्या जागी थांबायचं. आपल्या पुढच्याकडे सगळेच बघतात, मागच्याची जबाबदारी घेणं अंगवळणी पडायला वेळ लागतो.

ग्रुप चांगला आहे की नाही हे ओळखायची माझी एक पद्धत आहे. लीड ‘आज या टेकडीवर नको’ असं म्हणतो का, ते बघा. काही ग्रुपांत व्हिडिओसाठी नवख्यांना उंच टेकड्यांवर चढवतात, टाळ्या पिटतात. तिथून निघून या. बरे ग्रुप नवख्यांची वेगळी ड्राइव्ह ठेवतात, छोट्या टेकड्यांवर मुद्दाम गाडी रुतवून काढायला शिकवतात आणि त्याचे पैसेही बहुतेक घेत नाहीत. पूर्वी या ड्राइव्ह शुक्रवारी सकाळी असायच्या. २०२२ पासून साप्ताहिक सुट्टी बदलली तशा त्या शनिवार-रविवारवर गेल्या.

ऑक्टोबर ते एप्रिल हा मोसम. सकाळी लवकर, दव असताना वाळू घट्ट असते, ऊन चढलं की तीच वाट मऊ होते. उन्हाळ्यात पारा ४५ च्या वर जातो, तेव्हा गाडीचा गिअरबॉक्स आणि माणूस दोघेही तापतात. निदान पहिल्या वर्षी तरी उन्हाळा सोडून द्या. हिवाळ्यात पहाटे धुकं मात्र बघून निघा. आणि दोन टेकड्यांमध्ये सपाट, पांढरट, कडक दिसणारी जमीन लागली तर तिच्यावर थेट गाडी घालू नका. ती साबखा, म्हणजे खाऱ्या जमिनीचा पापुद्रा. वर कडक, खाली चिखल. पावसानंतर तर ती वाळूपेक्षा वाईट.

फॉसिल रॉकच्या बाजूला गेलात तर एक गंमत. ज्या फाया परिसरात तो येतो, तिथल्या प्राचीन भूदृश्याला युनेस्कोने जुलै २०२५ मध्ये जागतिक वारशाचा दर्जा दिला, आणि पॅरिसच्या त्याच बैठकीत आपले मराठा लष्करी स्थापत्याचे बारा किल्लेही यादीत गेले. फॉसिल रॉकच्या खडकात समुद्री जिवांचे अवशेष आहेत. ते उचलून आणू नयेत हे सांगायला नकोच. कुंपण दिसलं की गाडी वळवायची. वाळूत मधूनच जी झाडं दिसतात ती गाफची, म्हणजे आपली दसऱ्याची शमीच. अमिरातीचं ते राष्ट्रीय झाड आहे, त्याच्या मुळांवरून गाडी नेऊ नका. गवताच्या झुबक्यांभोवती साचलेली वाळूही दिसते त्याहून टणक असते. वेगात आदळलात तर सस्पेन्शनचं बिल येईल.

अबुधाबीच्या दक्षिणेला असलेल्या लिवाचे फोटो बघून ‘तिथे कधी’ असं तुमच्या मनात येणारच. तल मोरीब ही प्रसिद्ध टेकडी तिथेच आहे, जवळपास ३०० मीटर उंच. रुब अल खाली या अफाट वाळवंटाच्या त्या टोकाला जायला निदान एक पूर्ण हिवाळा जवळच्या वाळूत घालवा.

घरच्यांचं विचारलंत. पहिल्या ड्राइव्हला नको. मागच्या सीटवर मुलं ओकायला लागली की चालवणाऱ्याचं लक्ष टेकडीवर राहत नाही, आणि लीडने ‘थांब’ म्हटल्यावर तुम्ही थांबाल की बायकोशी बोलत असाल, याची खात्री नसते. तीन-चार ड्राइव्ह नीट झाल्या की न्या, सकाळी रिकाम्या पोटी नव्हे पण भरपेटही नव्हे, माणशी चार-पाच लिटर पाणी घेऊन. गाडीत सुटं काहीही ठेवू नका. धारेवरून उतरताना मागे ठेवलेला जॅक किंवा पाण्याचा कॅन थेट डोक्यात येतो. टाकी भरून घ्या, वाळूत पेट्रोल रस्त्यापेक्षा सहज दुप्पट जातं. विम्याच्या कागदात ऑफरोड हा शब्द शोधा. इथे पोलिसांच्या रिपोर्टशिवाय गॅरेजवाला ठोकलेल्या गाडीला हात लावत नाही, हेही लक्षात असू द्या. भाड्याची गाडी घेऊन यायचा विचार मित्रांपैकी कोणी करत असेल, तर बहुतेक करारांत वाळूला सरळ मनाई असते.

आणि पजेरोला पुढे-मागे टो हुक आहेत का, ते आजच वाकून बघा. सेकंडहँड गाड्यांचे बंपर बदलताना कधीकधी पुढचा हुक काढून टाकलेला असतो. हे ड्राइव्हच्या सकाळी कळलं तर लीड तुम्हाला पेट्रोल पंपावरूनच परत पाठवेल, आणि ते बरोबरच असेल.