प्रागला दोघं जाताय, तर एवढं बघा

हॉस्टेलच्या दोन बेडचं भाडं आणि साध्या लॉजमधल्या डबल रूमचं भाडं आधी ताडून बघा. बरेचदा फरक किरकोळ निघतो. पैसे गळतात ते भलतीकडेच. तिथलं चलन कोरुना, युरो नव्हे. एटीएमने 'रुपयांत हिशोब करू का?' विचारलं की सरळ नकार द्या, त्यांच्या दरात खिसा कापला जातो. कागदी तिकिटावर ट्राममधल्या पिवळ्या मशीनचा शिक्का हवाच. पाहुणे म्हणून तपासनीस सोडत नाहीत. किल्ल्याजवळ २२ नंबरची ट्राम नेते, टूर बस कशाला? दुपारी 'देनी मेन्यू'चा, म्हणजे त्या दिवसाच्या ठरलेल्या जेवणाचा, फळा दिसेल तिथे जेवा, पण तो सोमवार ते शुक्रवारच. शाकाहारी असाल तर 'स्माझेनी सीर' मागा: ब्रेडक्रम्समध्ये घोळवून तळलेलं चीज, सोबत बटाटे. दोन दिवसांत कंटाळा येईल, ते सोडा. चार्ल्स ब्रिजवर मात्र उजाडतानाच जा.