बालगृहातील काळजीवाहकांचे प्रमाणपत्र आणि नोंदणी

आपण दोन प्रश्न विचारले आहेत: बालगृहात अकरा वर्षे मुले सांभाळलेल्या माणसाने आता प्रमाणपत्राची परीक्षा कशासाठी द्यायची, आणि संस्थेकडे परवाना असताना प्रत्येक काळजीवाहकाच्या वेगळ्या नोंदणीची गरज काय. दुसरा प्रश्न मला अधिक महत्त्वाचा वाटतो, म्हणून आधी तोच घेतो.

संस्थेचा परवाना देताना इमारत, खाटा, मुलांमागे कर्मचारी किती, अग्निसुरक्षा, नोंदवह्या हे सारे तपासले जाते. रात्री दोन वाजता रडत उठलेल्या मुलाशी कोण कसे वागले हे त्या तपासणीत क्वचितच दिसते. आणि दिसले तरी कारवाई संस्थेवर होते, तो माणूस मात्र दुसरीकडे रुजू व्हायला मोकळा असतो. मी पर्यवेक्षक झालो त्याच वर्षी एका उमेदवाराला कामावर घेतले. आधीच्या संस्थेचे शिफारसपत्र उत्तम होते आणि पोलीस पडताळणीतही काही निघाले नव्हते. चार महिन्यांनी कानावर आले की तिथे त्याने एका मुलाला शिक्षा म्हणून रात्रभर व्हरांड्यात उभे केले होते आणि बोभाटा नको म्हणून संस्थेने राजीनामा घेऊन प्रकरण मिटवले होते. गुन्हाच नोंदला गेला नव्हता, मग पडताळणीत येणार काय? शिफारसपत्र देणाऱ्यांवर मी तेव्हा फार चिडलो होतो, पण खरे सांगायचे तर त्यांना कळवण्यासाठी दुसरी जागाही नव्हती.

वैयक्तिक नोंदणी ही ती जागा निर्माण करते. स्कॉटलंडमध्ये २००१ च्या कायद्याने समाजसेवा क्षेत्रातील कर्मचाऱ्यांसाठी स्वतंत्र परिषद स्थापन झाली आणि बालगृहातील कर्मचाऱ्यांना तिच्याकडे नोंदणी करावी लागते. आचारसंहितेचा भंग सिद्ध झाला तर ताकीद, अटी, निलंबन किंवा नाव वगळणे अशी कारवाई होते आणि ती त्या माणसाच्या मागे पुढच्या नोकरीपर्यंत जाते. इंग्लंडने वेगळी वाट धरली. तिथे बालगृहाची नोंदणी ऑफस्टेड या सरकारी तपासणी संस्थेकडे होते आणि २०१५ च्या नियमांनुसार काळजीवाहकाला रुजू झाल्यापासून साधारण दोन वर्षांत तिसऱ्या स्तराची पदविका मिळवावी लागते. मात्र बालगृहातील काळजीवाहकांची वैयक्तिक नोंदवही नाही. आयर्लंडने नोव्हेंबर २०२३ मध्ये सामाजिक काळजी कर्मचाऱ्यांची नोंदवही उघडली आणि आधीपासून काम करणाऱ्यांना दोन वर्षांची मुदत दिली. या साऱ्याच्या मुळाशी संयुक्त राष्ट्रांच्या १९८९ च्या बालहक्क कराराचे तिसरे कलम आहे. मुलांची काळजी घेणाऱ्या संस्थांमध्ये कर्मचाऱ्यांची संख्या व योग्यता आणि सक्षम पर्यवेक्षण यांचे निकष पाळले जातील, हे पाहण्याची जबाबदारी ते राज्यांवर टाकते.

आता आपली परीक्षा. प्रमाणपत्र बहुधा ऐच्छिक असते आणि ते व्यावसायिकांचे मंडळ देते. नोंदणीमागे कायदा असतो, म्हणून या दोन गोष्टींची गल्लत करू नये. उत्तर अमेरिकेतील बाल व युवा काळजी प्रमाणपत्राच्या व्यावसायिक स्तरावर प्रसंगांवर आधारित लेखी परीक्षा, पर्यवेक्षकाचे मूल्यमापन आणि स्वतःच्या कामाचा दस्तसंग्रह असे तीन भाग असतात. अनुभवी माणसाला परीक्षा सोपी जाते आणि दस्तसंग्रह जड जातो, कारण त्यात आपण जे सवयीने करतो ते का केले हे लिहावे लागते.

माझ्या हाताखालच्या एका काळजीवाहक ताई रात्रीच्या नोंदवहीत लिहीत, 'मुलगा हट्टी, झोपला नाही.' दस्तसंग्रहाची तयारी सुरू केल्यावर त्यांनी त्याच मुलाबद्दल लिहिले: '९.४० ला दिवा बंद केला. उठून दाराशी बसला. दार उघडे ठेवून मी बाहेर खुर्ची टाकली. १०.१५ ला झोपला.' तीन रात्रींच्या अशा नोंदी शेजारी ठेवल्यावर त्या मुलाला अंधार चालतो, बंद दार चालत नाही, हे आम्हां सर्वांना उमगले. दिवसपाळीच्या माणसाला त्या नोंदीवरून काम करता आले. आधीच्या नोंदीवरून फक्त मुलाबद्दल मत बनवता आले असते.

तक्रारीला जागा आहे, ती नाकारत नाही. तुटपुंज्या पगारातून शुल्क भरायचे, रजा टाकून वर्गाला बसायचे आणि पगार तेवढाच, अशी व्यवस्था असेल तर चांगली माणसे काम सोडतात आणि मुलांसमोर पुन्हा नवा चेहरा येतो. शालेय शिक्षण अपुरे असलेले कसलेले काळजीवाहक तर पहिल्याच अटीत अडकतात. त्यावर ठरावीक मुदतीत पात्रता मिळवण्याच्या अटीवर आधी नाव नोंदवून घेण्याची स्कॉटलंडची पद्धत मला न्याय्य वाटते. खर्च मात्र संस्थेने उचलावा, असे माझे ठाम मत आहे.

अर्ज करण्यापूर्वी मूल्यमापक प्रत्यक्ष पाळीवर येऊन आपले काम पाहणार का, हे विचारून घ्या. जो अभ्यासक्रम केवळ वर्गातील हजेरीवर प्रमाणपत्र देतो, त्यावर पैसे घालवू नका. आणि आजच्या रात्रपाळीपासून नोंदी वेळेसह लिहायला लागा. दस्तसंग्रहाचा निम्मा भाग त्यातूनच उभा राहील.