ब्राझीलची निळी जर्सी आली कुठून, आणि गावच्या टीमची दुसरी जर्सी कशी करावी

प्रश्न थोडक्यात असा: गावच्या फुटबॉल टीमची जर्सी पिवळी, शॉर्ट्स निळी. टूर्नामेंटमध्ये समोरची टीमही पिवळीच निघाली आणि पंचांनी एका टीमला बनियनवर खेळवलं. आता दुसरी जर्सी करायची आहे. पोरांना ब्राझीलसारखी निळी पाहिजे, काही जण म्हणतात पांढरी स्वस्त पडते.

भाऊ, निळीच करा, आणि गडद करा. ब्राझीलची गोष्ट नीट पाहिली की कारण कळतं.

1950 मध्ये ब्राझील पांढऱ्या जर्सीत खेळायचा. त्या वर्षीच्या विश्वचषकात रिओच्या माराकाना मैदानात उरुग्वेकडून 2-1 अशी हार झाली आणि पांढरा रंग लोकांच्या मनातून उतरला. 1953 मध्ये एका वर्तमानपत्रानं नव्या जर्सीची स्पर्धा ठेवली. अट एकच, झेंड्यातले चारही रंग यायला हवेत. आल्दिर गार्सिया श्ली या तरुणाचं चित्र निवडलं गेलं: पिवळी जर्सी, हिरवी किनार, निळी शॉर्ट्स, तिच्यावर पांढरी पट्टी.

निळी जर्सी 1958 मध्ये पहिल्यांदा आली असं बरेच जण सांगतात, ते बरोबर नाही. 1938 च्या विश्वचषकात पोलंडही पांढऱ्यात होता म्हणून ब्राझील फिक्या निळ्यात उतरला आणि जादा वेळेत 6-5 जिंकला. पण निळीला मान मिळाला तो 29 जून 1958 च्या अंतिम सामन्यात. समोर यजमान स्वीडन, तोही पिवळ्यात. ब्राझीलकडे दुसरा संच तयार नव्हता. स्टॉकहोममधून निळ्या जर्सी विकत आणल्या, पिवळ्यांवरची बोधचिन्हं उसवली आणि निळ्यांवर शिवली. खेळाडू बिचकले होते. पथकप्रमुख पाउलो माशादो दे कार्वाल्यो यांनी त्यांना सांगितलं की हा तर आपल्या अपारेसिदा मातेच्या (ब्राझीलची रक्षक मानली जाणारी मेरी माता) शेल्याचा रंग आहे. सामना 5-2 जिंकला, 17 वर्षांच्या पेलेनं दोन गोल केले. पुढे 2002 मध्ये इंग्लंडला 2-1 हरवलं तेही निळ्यातच. निळ्यात हारही आली आहे: 1974 आणि 2010, दोन्हीदा नेदरलँड्सकडून. म्हणजे रंगाचा शकुन धरून बसू नका.

शकुनापेक्षा डोळ्याला काय दिसतं ते धरा. पिवळ्यासमोर पांढरी म्हणजे फिक्यासमोर फिकी. दुसरी जर्सी नुसती वेगळ्या रंगाची असून भागत नाही, उजेड-अंधाराचा फरक लागतो. 1978 च्या विश्वचषकात फ्रान्सची निळी आणि हंगेरीची लाल काळ्या-पांढऱ्या टीव्हीवर सारखीच दिसेल म्हणून बदल ठरला, आणि अर्जेंटिनातल्या मार देल प्लाता शहरात दोन्ही संघ पांढऱ्या जर्सी घेऊन पोचले. शेवटी फ्रान्स तिथल्या किम्बर्ली क्लबच्या हिरव्या-पांढऱ्या पट्ट्यांत खेळला. काळ्या-पांढऱ्याची ही परीक्षा आजही चालते. कापडाचा तुकडा आणि जुनी पिवळी जर्सी धुऱ्यावर ठेवा, पन्नास पावलांवरून मोबाइलनं फोटो काढा आणि तो काळा-पांढरा करा. दोन्ही सारख्याच राखाडी दिसल्या तर ते कापड नको. फोटो संध्याकाळी पाचच्या सुमारास काढा, कारण आपल्याकडचे सामने त्याच वेळी रंगात येतात. त्या उजेडात आकाशी रंग पांढरा पडतो. नेव्ही ब्लू गडदच राहतो.

कापड पॉलिस्टरचं डॉट निट, 140 ते 160 जीएसएम (एका चौरस मीटर कापडाचं ग्रॅममधलं वजन). आपला मुलूख कापसाचा असला तरी जर्सी सुती नको, घाम शोषून ती जड होते. 1986 च्या विश्वचषकात अर्जेंटिनाची हीच अडचण झाली. त्यांची सुती निळी जर्सी मेक्सिकोच्या उन्हात जड पडत होती, म्हणून इंग्लंडविरुद्धच्या सामन्यासाठी मेक्सिको सिटीतल्या दुकानातून वजनाला कमी अशा निळ्या जर्सी आणल्या. चिन्हं शिवली, चंदेरी आकडे इस्त्रीनं चिकटवले. मॅराडोनाचे ते दोन गाजलेले गोल, एक हातानं केलेला आणि एक अनेकांना चकवून केलेला, याच दुकानातल्या जर्सीतले.

सब्लिमेशननं (उष्णतेनं शाई कापडात उतरवणारी छपाई) करणार असाल तर नंबर आणि नाव मूळ डिझाइनमध्येच टाकून घ्या. छापलेल्या निळ्यावर नंतर पांढरं विनाइल (इस्त्रीनं चिकटणारा प्लास्टिकचा पातळ थर) दाबलं की उष्णतेनं निळा रंग विनाइलमध्ये चढतो आणि आकडा निळसर पडतो. दुकानदार हे सांगेलच असं नाही. सब्लिमेशन फक्त पॉलिस्टरवर आणि पांढऱ्या कापडावरच धरतं. तयार नेव्ही जर्सीवर ते दिसणारच नाही. पाठीवरचा आकडा निदान 25 सेंटिमीटर उंच हवा.

वेळ कमी असेल तर 1958 सारखंच करा. तालुक्याच्या बाजारातून साध्या नेव्ही जर्सी आणा. आकडे पिवळ्या पॉपलिनचे कापा, कापायच्या आधी मागे फ्युजिंग (कापड कडक करणारं गोंद लावलेलं अस्तर) इस्त्रीनं चिकटवा, नाहीतर दोन धुण्यांत कडा सुटतात. शिवण झिगझॅगची, पिको-फॉलवाल्या ताईंकडे हे मशीन असतंच. जर्सीचं कापड ताणून शिवलं की आकड्याभोवती चुण्या येतात. खाली वर्तमानपत्राचा कागद ठेवून शिवा आणि नंतर तो फाडून काढा. सरळ टीप मारू नका, जर्सी ताणली की धागा तुटतो.

ब्राझीलनं 1958 मध्ये निळ्या जर्सीखाली पांढरी शॉर्ट्स घातली होती. तुम्ही तसं करू नका. पऱ्हाट्या उपटलेल्या वावरातली काळी माती पांढऱ्या कापडातून सहज निघत नाही. आहे ती निळी शॉर्ट्स चालेल. जर्सीच्या आत लांब बाह्यांचं काही घालत असतील तर ते बाहीच्याच रंगाचं लागतं, आणि मोज्यावरची पट्टीही मोज्याच्या रंगाची. पंच यावरून थांबवू शकतात.

राहिला गोलकीपर. त्याचा रंग आपल्या टीमपासून, समोरच्यांपासून आणि पंचांपासून वेगळा हवा. पंच बहुतेक काळ्यात असतात, समोरचे कुठल्याही रंगात येतील, म्हणून त्याला दोन जर्सी द्या: एक नारिंगी, एक पोपटी.