करडं आभाळाकडे बघतात, कुंपणाला धडकतात

प्रश्न : आठेक किलोची करडं रक्ती हगवणीनं पडली. २० टक्क्यांची अ‍ॅम्प्रोलियम पावडर चमचाभर, दिवसातून दोनदा, १२ दिवस पाजली. हगवण थांबली, पण आता दोन करडं सुस्त आहेत, मान मागे टाकतात, कुंपणाला धडकतात. औषध बाधलं का?
– शेळीपालक, शहादा

उत्तर : बाधली ती मात्रा. अ‍ॅम्प्रोलियमची घडण बी-१ म्हणजे थायमिनसारखी असते. रक्ती हगवण आणणारे आतड्यातले परजीवी, म्हणजे कॉक्सिडिया, फसतात आणि बी-१ न मिळाल्यानं मरतात. मात्रा वाढली की करडाचंही बी-१ अडतं. मेंदू ग्लुकोजवर चालतो, आणि ते जाळायला बी-१ लागतंच. ते संपलं की पेशींत पाणी साचून मेंदू सुजतो. कवटी काही ताणली जात नाही, मेंदू आतच दाबला जातो. म्हणून आधी सुस्ती, मग आंधळेपणा, शेवटी झटके.

हिशोब पाहा. चमचाभर म्हणजे ४ ग्रॅम धरले, तर दिवसाला ८ ग्रॅम पावडर, त्यात १,६०० मिलिग्रॅम औषध. किलोमागे २०० झाले. शेळीला किलोमागे २५ ते ५० मिलिग्रॅम, तेही ५ दिवसच देतात. तुमच्या करडाला दिवसाला जास्तीत जास्त २ ग्रॅम पावडर पुरली असती. चमचा सोडा, वजनकाटा घ्या.

आता औषध बंद करा आणि आजच पशुवैद्यकाला बोलवा. बी-१ किलोमागे १० मिलिग्रॅम लागतं, म्हणजे तुमच्या करडाला ८०. पहिला डोस शिरेतून, अगदी सावकाश. घाईनं दिला तर जनावर कोसळू शकतं. पुढचे दर सहा तासांनी मांसात. साधं बी-कॉम्प्लेक्स टोचणार असाल तर एका मिलीत बी-१ किती ते बाटलीवर वाचा, बहुतेकदा फारच कमी असतं. झटके येणाऱ्या करडाला तोंडानं काही पाजू नका, फुप्फुसात जातं. लवकर सुरुवात झाली तर दिवसभरात फरक दिसतो, नजर मात्र उशिरा येते.

अंधारात डोळ्यावर बॅटरी मारा. बाहुली आकसते, पण बोट जवळ नेलं तरी पापणी लवत नाही, तर बी-१ च्या कमतरतेचा संशय बळावतो. एकाच बाजूचा कान लोंबत असेल, करडू गोल फिरत असेल, तर लिस्टेरिया हा मेंदूला बाधणारा जंतूही तपासायला हवा.

मक्याचा भरडा तूर्त बंद, चारा ठेवा. जास्त भरड्यानं पोटात बी-१ तोडणारे जंतू वाढतात. आणि पुढच्या वेळी ‘ताकदीसाठी’ म्हणून अ‍ॅम्प्रोलियमसोबत बी-१ देऊ नका, औषधाचाच गुण जातो.